शेप्याच्या बुडाचा फुटवा

हात थांबवायचा नाही. पावटे सोलायला बोलावलंय तुम्हाला, गोष्ट वरकड आहे. कानांनी ऐका, बोटांनी सोला. शेवंता, तो कंदील जरा बारीक कर, डोळ्यांवर येतोय माझ्या.

आधी मला सांगा, खालच्या वाडीची कोण कोण आलीत? दगडू, तू. यमुना, आणि तिची जाऊ. बस? म्हणजे तिघं. आणि तिघं घरी जाणार पाच आंब्यांच्या वाटेनं. बरं. मग सगळ्यांनीच ऐका, पण तुम्ही तिघांनी जरा जास्त ऐका.

हैबतीनाना माझा सख्खा चुलता. डावखुरा माणूस. कलमं बांधण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता तुम्ही म्हणाल, कलम बांधण्यात काय एवढं? अरे बाबांनो, जुनं गावठी आंब्याचं झाड असतं. खोड असं, की दोघांच्या कवेत मावत नाही. आणि फळ? तोंडात घातलं की डोळे मिटतात. मग त्याचं डोकं उतरवायचं. पुरुषभर उंचीवर करवत लावायची आणि वरचा सगळा पसारा खाली घ्यायचा. थोड्या महिन्यांनी त्या खोडाला नवे फुटवे येतात. फुटव्याला चीर द्यायची, चिरीत केसरची काडी पाचरीसारखी बसवायची आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधायची. सांधा धरला की झालं. बुड गावठी, डोकं केसर. नानाची गाठ डावी असायची. सगळं जग उजवी गाठ मारतं, हा डावी. दुसऱ्या गावात एखादं झाड बघितलं तरी लोक सांगायचे, ही गाठ हैबतीची.

पण नानाची एक रीत होती. त्याच्या बापाची, त्याच्या आज्याची रीत. झाडाचं डोकं उतरवायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं. बुडाला एक दगड ठेवायचा, दगडाला कुंकू लावायचं, वर सुपारी. आणि झाडाला हात लावून मोठ्यानं सांगायचं, "उद्या ह्याचं डोकं उतरवनार हाय. कुनी वस्तीला असंल तर आज रातच्याला उठावं. एक फांदी जुनी ठेवतो, तिच्यावर बसावं. नव्या पानाची सवय झाली की ती काढू." एवढंच. आणि खरंच एक फांदी ठेवायचा. लोक म्हणायचे, झाडाच्या मुळाला अन्न मिळावं म्हणून ठेवतो. तेही खरं. पण दुसरंही खरं.

आता ती वाटेवरची आंब्यांची ओळ तुम्हाला ठाऊक आहे. ओढ्याकडून गावाकडं येताना पहिला गोट्या. मग केळ्या. मग खोबऱ्या. मग साखऱ्या. आणि शेवटी, गावाचं वळण येतं तिथं, शेप्या. शेप्या का, तर त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीसारखा वास. पान चुरगळलं तरी तोच वास. पोरंसुद्धा दगड मारायची नाहीत त्याला.

ही पाचही झाडं रंगरावांची. रंगराव म्हणाले, "हैबती, पाचही केसर करून टाक." नाना म्हणाला, "करतो." माघ महिना होता. आदल्या संध्याकाळी नाना ओढ्याकडच्या रानातूनच निघाला दगड-सुपारी घेऊन. गोट्याला सांगितलं. केळ्याला सांगितलं. खोबऱ्याला, साखऱ्याला सांगितलं. शेप्यापाशी पोचेपर्यंत अंधार पडला, दिवसभर कुदळ मारून कंबर धरलेली, आणि तिथं रंगराव उभे.

रंगराव म्हणाले, "आरं, ह्या शेप्याला कसलं सांगनं लावलंस? ह्याच्यावर कावळा बसत न्हाई, भूत कशाला बसंल? आन ह्याची फांदीबिंदी काय ठेवू नगंस. वास जाऊ दे एकदाचा. पुरा भुंडा कर."

नाना जरा घुटमळला. घुटमळला हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर त्यानं सगळा दोष रंगरावांवर टाकला नाही. तो म्हणायचा, रंगराव काय, मालक माणूस, त्याला काय कळतंय. कळत होतं ते मला. पण कंबर दुखत होती. पाचातलं एक राहिलं तर कुणाला कळतंय, असं म्हणालो आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली.

तर शेप्याला दगड नाही. सुपारी नाही. सांगणं नाही. फांदी नाही. एवढं ध्यानात ठेवा.

मग काय, आखाडात काड्या बांधल्या, सांधे धरले. पुढच्या चैत्रात चौघांच्या जुन्या फांद्या रीतसर सांगून काढल्या. आता पाचही झाडं वरून सारखी. केसरचं लांबट पान, पुरुषभर शेंडे. रंगराव खूश. पण त्या वर्षात एक गंमत व्हायला लागली. वाटेवर माणसं चुकायला लागली. गोविंदा परीट चुकला, रात्रभर ओढ्यातच फिरत होता. पाव्हणे चुकले. गुरव चुकला, ज्याच्या बापाचं शेत त्या वाटेला आहे! लोक म्हणाले चकवा.

आता ऐका.

दुसरा आखाड. अवस. दिव्यांची अवस, आपल्यात दिवे घासून मांडतात ती. नाना त्या दिवशी बाजारगावाला गेला होता काड्या आणायला. काडी उन्हाची कापत नाहीत. ऊन उतरलं की कापायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, आणि जमलं तर उजाडायला बांधायची. मळेवाला म्हणाला, "हैबती, अवस हाय. ऱ्हा हितंच, जेव आन झोप." नाना म्हणाला, "नगं. काड्या सुकतील. आन घरात दिवं मांडलेत, सारजा वाट बघंल." सारजा म्हणजे माझी चुलती.

शेवटच्या गाडीनं फाट्यावर उतरला तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. पाऊस नव्हता, पण आभाळ गच्च. खांद्याला काड्यांचं गोणपाट, कंबरेला कलमाचा चाकू, हातात बॅटरी. बॅटरीचे मसाले, म्हणजे आतले सेल, म्हातारे झालेले, उजेड पिवळा. निघाला. आपल्याच गावची वाट, भीती कसली!

ओढा ओलांडला. पहिलं झाड. नाना मनात म्हणाला, गोट्या. पुढं गेला. केळ्या. पुढं. खोबऱ्या. साखऱ्या. शेप्या. आता वळण, आणि वळणावर गावाचे दिवे.

वळण नाही. दिवे नाहीत. समोर ओढा.

बरं. नाना म्हणाला, नादात उलटा वळलो असेन. परत फिरला. पहिलं झाड गोट्या. केळ्या. खोबऱ्या. साखऱ्या. शेप्या. वळण.

ओढा!

काय म्हणतोस दगडू? बसून राहायचं? कपडे उलटे घालायचे? अरे, ते सगळं त्यालाही ठाऊक होतं. त्यानं सदरा काढला, उलटा घातला. टोपी उलटी घातली. तंबाखू मळली, खाल्ली. थुंकला. निघाला. ओढा. सदऱ्याची बटणं पाठीत टोचतायत आणि समोर ओढा.

मग त्यानं बॅटरी वर मारली. म्हणाला, झाडं तरी बघू, कुठं आलोय ते कळेल. वर मारली आणि बघतच राहिला. खोड चिंचेचं. काळं, खवलं खवलं. आणि वर पानं आंब्याची! दुसऱ्यावर मारली. खोड बाभळीचं, वर फणसाचं पान. तिसऱ्याचं बुड वडाचं, पारंब्या लोंबतायत, आणि वर बोरीचे काटे.

आता दुसरा कुणी असता तर पळाला असता. नानानं काय करावं? नाना रागावला! अरे, कारागीर माणूस तो. चिंचेच्या खोडाजवळ गेला, सांध्यावर बॅटरी धरली, वाकून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "कुनी बांधलं हे? चिचंवर आंबा जगतो व्हय? गोत जुळाया नगं? सोपट किती सैल मारलंय बघा!"

आणि गाठ बघितली.

गाठ डावी होती.

नानानं ती बोटानं चाचपली. शेवंता, हात चालू ठेव.

तेवढ्यात समोरून पावलं. नाना म्हणाला, देव पावला, माणूस आलं. बॅटरी धरली. पायांत तुटकी वहाण, खाली गुडघ्यापर्यंतचं धोतर, अंग बारीक, खाकेत चामड्याची पेटी. शिरपा न्हावी! नाना म्हणाला, "शिरपा, आरं बरं झालं भेटलास." आणि उजेड वर नेला. वर रंगराव. रंगरावांच्या मिशा, रंगरावांचं लाल पागोटं. मधे गळ्याला केळीचं सोपट गच्च आवळलेलं. गाठ डावी.

रंगराव म्हणाले, "हैबती, मी कोन रं?"

नानाच्या तोंडून निघालं, "तुमी रंगराव."

"मग ह्यो हात कुनाचा?" आणि हात पुढं केला. हातात वस्तरा. रंगराव त्या वस्तऱ्याकडं बघतायत आणि त्यांनाच कळत नाही तो कसा धरायचा ते. "मी कुनाच्या घरी जाऊ? रंगरावाच्या घरात ह्या पायास्नी घेत न्हाईत. शिरपाच्या घरात ह्या तोंडाला घेत न्हाईत. सांग, मी कोन?"

नानानं ते तोंड बघितलं, ते पाय बघितले. तो म्हणाला, "तुमी... शिरपा..." तर तोंड रडायला लागलं. रंगराव रडतायत! गावात कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. म्हणाला, "रंगराव..." तर हात-पाय थरथरायला लागले. नाना मागं सरला. दोन पावलं, चार पावलं. आणि ते जे काही होतं, ते डावीकडं वळलं, मग उजवीकडं वळलं, मग जागच्या जागी गोल फिरायला लागलं. घर न सापडलेलं माणूस फिरतं तसं.

नाना पळाला. पळाला, पळाला, पळाला. गोट्या गेला, केळ्या गेला, कुणास ठाऊक कोण गेला! झाडांच्या डोक्यांवर काय आहे ते बघायचंच नाही असं ठरवून पळाला. बॅटरी विझली. पळाला. आणि धापकन कशाला तरी अडखळून पडला.

डोकं वर केलं तर लांब एक दिवा. समई नाही, कंदील नाही, आपली साधी पणती. कुणीतरी हातात धरून येतंय. हातात हिरव्या बांगड्या. अंगावर हिरवं लुगडं, ठिगळ लावलेलं, ते ठिगळ नानाच्या ओळखीचं. चाल ओळखीची. डाव्या पायावर जरा भार देऊन चालायची ती. सारजा! त्याला एवढं बरं वाटलं म्हणता, की डोळ्यांत पाणी आलं. बायको शोधायला आली. नाना उठला, धावला.

पणती वर झाली. आणि पणतीच्या उजेडात, सारजाच्या लुगड्यावर, नानाचं स्वतःचं तोंड.

स्वतःचं! ती पांढरी खुरटी दाढी. कपाळावरचा वण. ओठाला तंबाखूचा डाग. नानाचंच तोंड नानाकडं बघून हसलं आणि म्हणालं, "चला घरी."

नानानं स्वतःच्या डोक्याला हात लावला. हाताला अंबाडा लागला. केसांचा अंबाडा! कानाला हात लावला, कानात कुड्या. गालावरून हात फिरवला, गाल मऊ, दाढी नाही. गळ्यापाशी आला तर सोपट, घट्ट आवळलेलं. तो ओरडला. आणि आवाज आला सारजाचा.

हसू नका. हसता काय! मीपण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो, आणि नानानं मला असं बघितलं की परत हसलो नाही.

नाना तिथंच बसला. त्याला काहीच कळेना. मी हैबती, असं म्हणावं तर डोकं सारजाचं. मी सारजा, असं म्हणावं तर ते गोणपाट, तो चाकू, ते धोतर. आणि समोर उभं आहे ते कोण? डोकं माझं, अंग सारजाचं, तर तो मी आहे की ती आहे? विचार करायला गेला तर विचारसुद्धा निम्मे त्याचे आणि निम्मे तिचे. चुलीवर आमटी ठेवलीय ती उतू जाईल, असा विचार त्याच्या मनात आला. आता हा विचार कुणाचा?

समोरचं तोंड म्हणालं, "कोंबडा आरवस्तवर सांधा धरतो. हलू नगंस. हललं की सांधा सुटतो, तुला ठावं हाय."

ऐकलंत? त्याची विद्या त्यालाच! नाना आयुष्यभर लोकांना हेच सांगायचा, की कलम बांधल्यावर झाडाला धक्का लावू नका.

नानानं मान खाली घातली. लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा. आणि पणतीच्या उजेडात त्याला स्वतःचा पाय दिसला. डाव्या पायाचा अंगठा. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. बारा वर्षांचा असताना कोयता पडला होता, तेव्हापासून. ते नख सारजाचं नव्हतं. ते नख जगात दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तो त्या अंगठ्याकडं बघत बसला. आणि हळूहळू त्याला थारा आला. म्हणाला, डोकं कुणाचंही असू दे. बुड माझं आहे. मी हैबती.

मग त्यानं मान वर केली आणि विचारलं. सारजाच्या आवाजात विचारलं, पण विचारलं. "तू कोन? तुला काय पायजे?"

पणती हलली. ते तोंड आता हसत नव्हतं. ते म्हणालं, "माझं झाड कुठलं?"

नाना झाडांकडं बघायला लागला, तर तेच तोंड पुढं बोललं.

"मी वेताळाच्या पालखीला गेल्तो. चार दिसांनी आलो, तर घर न्हाई. पाच झाडं, पाचींची डोस्की उतरलेली. मग पाचींवर पान आलं, पाचींवर एकच पान. गोट्यावर बसलो तर गोट्यावरचा म्हनाला, ऊठ. केळ्यावर बसलो, तिथला म्हनाला, ऊठ. मी कुनाचा? मी कुठं बसू? दीड वरीस फिरतोय ह्या वाटंवर. मानसं चुकतात म्हनून मला शिव्या घालतात. आरं, मीच चुकलोय! मला वासानं घर कळायचं. वास न्हाई ऱ्हायला. तू डोस्की बदललीस, तूच वळख. कोंबडा आरवायच्या आत दाव. आन एकदाच दावायचं. चुकलास तर हे डोस्कं माझ्याकडं ऱ्हाईल. मी तुझ्या घरात जाऊन बसंन. मलाबी कुठंतरी बसाया पायजे का नगं?"

म्हणजे बघा. नानाच्या डोक्याचा प्रश्न, आणि सारजाचाही. हे घरात जाऊन बसलं असतं तर ती बिचारी कुणाचं तोंड घेऊन उठली असती?

नाना उठला. पणती पुढं, तो मागं. पहिल्या झाडाशी गेला आणि सवयीनं वर बघितलं. वर चिंचेचं पान. डोळे चोळले, तर केसरचं. परत बघितलं, तर फणसाचं. दुसऱ्या झाडाशी गेला, वर बघितलं, तिथंही तसंच. त्याला गरगरायला लागलं. कुठला पहिला, कुठला पाचवा, ओढा कुठल्या अंगाला, काही उरलं नाही. आणि लांब आभाळाचा रंग जरा पातळ व्हायला लागला होता.

मग त्याला तो अंगठा आठवला. आणि तो खाली बसला. त्या झाडाच्या बुडाशी, चिखलात, गुडघ्यांवर. आयुष्यभर झाडाचं वर बघितलं, आज खाली हात घातला. गवतात चाचपलं. हाताला दगड लागला. सपाट दगड, नदीचा. नानानं स्वतः ठेवलेला. म्हणजे ह्याला सांगितलं होतं. हा नाही.

रांगत दुसऱ्याकडं. चाचपलं. दगड. हा नाही.

तिसरा. दगड कुठाय, दगड कुठाय... मुळीच्या खोबणीत गेला होता, सापडला. हा नाही.

चौथा. दगड, आणि त्याला सुपारीचं कुजलेलं टरफल. हा नाही.

पाचवा. नानानं गवत सगळं उपटलं. मुळीमुळीत बोटं घातली. एकदा फिरला, दोनदा फिरला खोडाभोवती. दगड नाही. तिसऱ्यांदा फिरला. नाही. आणि दगड नाही म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता ना? नानाला लाज वाटली. मला सांगताना म्हातारा माणूस रडला. म्हणाला, "पोरा, मी कंबर दुखते म्हनून एकाला बेघर केलं."

आणि तिथंच, अगदी बुडाला, मुळातून एक फुटवा आलेला. वीतभर. कलमाच्या खालचे फुटवे खुडून टाकायचे असतात, नाहीतर कलमाचं बळ खातात. नाना एकसुद्धा ठेवत नसे. हा कसा नजरेतून सुटला देव जाणे. नानानं त्याचं एक पान तोडलं, चुरगळलं, आणि नाकाशी धरलं.

शेपू!

लांब गावात पहिल्या कोंबड्यानं पंख फडफडवले. आरवला नाही अजून.

नानानं झाडाला दोन्ही हात लावले आणि ओरडला, "ह्यो शेप्या! ह्यो तुझा! वर बघू नगंस, बुड बघ! मी चुकलो. तुला सांगाया पायजे व्हतं, सांगितलं न्हाई. तुझ्यासाठी फांदी ठेवाया पायजे व्हती, ठेवली न्हाई. ह्यो फुटवा तुझा. ह्याला मी हात लावनार न्हाई, दुसऱ्याला लावू देनार न्हाई." सुरुवात केली तेव्हा आवाज सारजाचा होता. आणि 'मी चुकलो' म्हणताना तो आवाज घोगरा झाला, आणि शेवटाला बघतो तर स्वतःचा, तंबाखूनं बसलेला, रडका आवाज.

पणती गेली. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि तो वीतभर फुटवा मात्र खाली वाकला. पाखरू बसल्यावर वाकतो तेवढाच. मग कोंबडा आरवला.

नानानं गळ्याला हात लावला. सोपट होतं. गाठ सोडली तर सहज सुटली. मान फिरवली. वीस पावलांवर वळण, आणि वळणावर गावाचे दिवे. रात्रभर तो वळणापासून वीस पावलांवर होता! गोणपाटातल्या काड्या त्यानं ओढ्यात सोडल्या आणि घरी आला.

आता खरं पुढं आहे. सारजाकाकू दारात बसलेली, मांडलेले दिवे सगळे विझलेले. नाना काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अवं, रातभर मान वळंना माझी. डोळा लागला तर सपनात मी अंधारात रांगतीय, आन कोनतरी इचारतंय, तू कोन. आन हे बघा ना, मी जन्मात कदी खाल्ली न्हाई, पन सकाळधरनं माज्या तोंडाला तंबाखूचा वास कसा येतोय?"

नानानं तिला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तंबाखू सोडली.

आणि रंगरावांना जाऊन सांगितलं, की शेप्याच्या बुडाचा फुटवा खुडायचा नाही. रंगराव का ऐकले ते मला ठाऊक नाही. पण त्यांचाही त्या दिवशी हात आखडला होता म्हणे, आणि शिरपाकडून दाढी करून घेताना त्यांनी त्याला हात जोडले म्हणे. तो फुटवा वाढला, मांडीएवढा झाला. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. वर केसर, खाली एका अंगाला शेप्या. खालचे आंबे कुणी खात नाही. पण त्या वाटेवर परत माणूस चुकलं नाही. पन्नास वर्षं झाली.

झाली गोष्ट. आता तुम्हा तिघांना का ऐकायला लावली ते सांगतो.

काल रंगरावांचा नातू शहरातून आला होता. शिकलेलं पोरगं, त्यानं झाड बघितलं आणि म्हणाला, कलमाच्या खालची फांदी कलमाचं बळ खाते. चूक नाही त्याचं, पुस्तकात तसंच असतं. विचारायला मी घरी नव्हतो. माणूस लावला आणि मुळातून तोडून टाकली. आज दुपारी गेलो तर जखमेतून चीक वाहत होता. अजून ओला.

मी तिथं दगड ठेवला. कुंकू लावलं, सुपारी ठेवली. नानासारखं मोठ्यानं सांगितलं. पण सांगायचं असतं ते तोडायच्या आदल्या दिवशी. तोडल्यावर सांगून चालतं का, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा त्या वाटेनं जायचं नाही. आज नाही, उद्या नाही, बुडाला नवा फुटवा येईपर्यंत नाही. वरच्या अंगाची वाट लांब आहे, ती धरायची, तीसुद्धा उजेडी. शेवंता, तिघांना घोंगड्या काढ. यमुना, तू घरची काळजी करू नकोस, सकाळी मी स्वतः सोडायला येतो. आणि दगडू, मघापासून मानेला हात लावतोयस तो खाली घे. पाटी अजून निम्मी आहे. सोल.